गरजू व होतकरू कोणाला म्हणता?

मंडळी, लांब लिहितोय. काहींना राग येईल. आला तर इथंच खाली लिहा, पारावर बसून पाठीमागं बोलू नका.

यंदाच्या थंडीत आपल्या सोनपेठ तालुक्यातल्या एका शाळेत स्वेटर वाटपाचा कार्यक्रम झाला. शाळेचं नाव घेत नाही, दात्याचंही घेत नाही, कारण हे कोणा एकाचं काम नाही. जूनमध्ये वह्यांचं वाटप, थंडीत स्वेटरचं, आणि मधेच कोणाचा वाढदिवस आला की बिस्किटाच्या पुड्यांचं. मंडप, हार, श्रीफळ, पाऊण तास भाषणं, तोवर लेकरं खाली मातीत बसलेली. मग माइकवरून एकेकाचं नाव पुकारलं, आणि दर नावाच्या आधी ‘गरजू व होतकरू विद्यार्थी’. लेकरानं वर जायचं, स्वेटरचं एक टोक दात्याच्या हातात, एक लेकराच्या हातात, आणि दोघांची तोंडं मोबाइलकडं. एका लेकराचा फोटो नीट आला नाही म्हणून खाली उतरल्यावर त्याला परत वर बोलावलं. स्वेटरच्या पाठीवर दात्याचं नाव छापलेलं, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी चौथीतलं एक पोरगं स्वेटर उलटा घालून शाळेत आलं. शिवण बाहेर, नाव आत. गुरुजींनी विचारलं, अरे उलटा का घातलास? तर म्हणालं, ‘असाच गरम लागतो, सर.’

मी शालेय व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आहे, म्हणून हे माझ्यापर्यंत आलं. गुरुजी हसत सांगत होते. मला काही हसू आलं नाही, कारण त्या पोराच्या आजीला मी ओळखतो.

आईबाप मुकादमाची उचल घेऊन दसऱ्यानंतर टोळीसोबत कारखान्याला गेलेले. आता उन्हाळ्याच्या तोंडाला येतील. आपल्या भागात अशी घरं किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. सहा-सहा महिने घराला राखण म्हातारा-म्हातारीची आणि लेकरांना आई-बाप तेच. या आजीकडं काय आहे? श्रावणबाळचे महिन्याला दीड हजार, तेही वेळेवर आले तर. रेशनचं धान्य. दोन शेळ्या. कोणाच्या शेतात खुरपायला गेली तर येताना पदरात हरभऱ्याची भाजी, नाहीतर डहाळे. आता ऐका. त्या शेळीचं पावशेर दूध रोज सकाळी गल्लीतल्या एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या चहाला जातं. पैसे घेत नाही. पदरातल्या डहाळ्यातला अर्धा वाटा शेजारी जातो. हे नेऊन कोण देतं? तेच पोरगं, ज्यानं स्वेटर उलटा घातला.

म्हणजे ज्याला तुम्ही स्टेजवर उभं करून ‘गरजू’ म्हणून पुकारलं, ते पोरगं रोज सकाळी देणारं पोरगं आहे. त्या स्टेजवर बसलेल्यांपैकी रोज सकाळी उठून कोणाला काही देणारे किती होते, हा हिशोब ज्यानं त्यानं घरी बसून करावा.

माझा मुद्दा एवढाच आहे, बाकी सगळं त्याच्याच भोवती. दातृत्व लेकरांना शिकवायचं म्हणून आपण जे कार्यक्रम करतोय त्यातून ते शिकत नाहीत. उलट जे घरात, आजीच्या हाताखाली शिकून आलेत, त्यांच्याकडून आपण ते काढून घेतोय.

शिकणं कसं व्हायचं ते आठवून बघा. चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवेल. आपल्याकडं ‘वानोळा’ होता. होता म्हणतोय, अजून थोडा आहे. शेतातून पहिली अंबाडी आली, वाळकं आली, शेंगा आल्या, हुरडा आला, की घरात चूल पेटायच्या आधी त्याचे वाटे पडायचे. ‘हे चार घरी देऊन ये’ म्हणून आजी लेकराच्याच हातात द्यायची. मोठ्या माणसाला कधीच पाठवायची नाही. का? मोठा माणूस गेला की ते देणं-घेणं होतं, त्याचा हिशोब होतो, मान-अपमान होतो. लेकरू गेलं की नुसता वानोळा.

त्यात नियम किती होते बघा, आणि एकही भिंतीवर लिहिलेला नव्हता. भांडं झाकून न्यायचं. काय आहे ते वाटेत कोणाला सांगायचं नाही. ‘आजीनं पाठवलंय’ एवढंच म्हणायचं, ‘आजीनं दिलंय’ म्हणायचं नाही. दिलंय आणि पाठवलंय यात काय फरक आहे हे मला कोणी समजावलं नाही, पण चुकून ‘दिलंय’ म्हणलं तर घरी आल्यावर कान धरला जायचा. समोरच्यानं भांडं घेतलं की लगेच पळून यायचं नाही, थांबायचं, कारण भांडं रिकामं परत यायचं नाही. त्या घरात काही नसलं तर निदान गुळाचा खडा, चिमूटभर साखर, तेही नसलं तर चार दाणे का होईना टाकून भांडं परत यायचं. म्हणजे घेणाराही लगेच देणारा व्हायचा. दोन मिनिटांत. मान खाली घालायला त्याला वेळच मिळायचा नाही.

आणि हे लाडाकोडात चालायचं असं समजू नका. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. लाल मिलोच्या भाकरी खाल्लेली बाई. कामावर सुकडी मिळायची, ती पदराला बांधून घरी आणायची, आणि त्यातली मूठभर शेजारच्या म्हातारीला जायची, जिला काम होत नव्हतं म्हणून सुकडी मिळत नव्हती. हे आजीनं मला कधी सांगितलं नाही. शेजारच्या म्हातारीच्या लेकीनं सांगितलं, आजी गेल्यावर, तिसऱ्या दिवशी.

खळ्यावरही तेच. रास मोजायला बसले की आबा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाहीत, ‘लाभ’ म्हणायचे. मग दोन, तीन. खळ्यावर आलेलं कोणी मोकळ्या हातानं जायचं नाही, पाखरं धरून. आम्ही पोरं राशीवर बसून बघायचो. आता सोयाबीन मळणीयंत्रातून पोत्यात आणि पोत्यातून आडतीवर. लेकरानं बघायचं काय? पट्टी? (यंदाची पट्टी तर बघूच नये अशी आहे, पण तो विषय वेगळा.)

तुम्ही म्हणाल, हा म्हातारपणाचा हळवेपणा झाला. बरं, 1975 साली छापून आलेला एक प्रयोग सांगतो, परदेशातला. सात ते अकरा वर्षांच्या लेकरांना एक खेळ दिला. जिंकलं की टोकन मिळायची, टोकनच्या बदल्यात बक्षीस. शेजारी गरीब मुलांसाठी मदतीचा डबा. आधी एक मोठं माणूस खेळून दाखवायचं. कधी ते माणूस आपली टोकन डब्यात टाकायचं, कधी सगळी स्वतःलाच ठेवायचं. आणि तोंडानं कधी ‘द्यावं’ असा उपदेश करायचं, कधी त्याच्या उलट. लेकरांनी काय केलं? ऐकलेलं नाही, बघितलेलं केलं. ‘द्यावं’ म्हणून सांगून स्वतः ठेवून घेणाऱ्याच्या मागं लेकरांनीही ठेवूनच घेतलं. दोन महिन्यांनी परत तपासलं तरी बघितल्याचा परिणाम टिकून होता. आपल्या आज्यांना हे प्रयोग न करता माहीत होतं.

मग आपल्या वाटपाच्या कार्यक्रमात लेकरू बघतंय काय, ते सांगा. देताना मंडप लागतो हे बघतंय. देणाऱ्याला खुर्ची आणि घेणाऱ्याला माती, हे बघतंय. आधी फोटो, मग वस्तू. आणि खाली बसलेली, जरा बऱ्या घरची लेकरं काय शिकतायत? की आपल्याला पुकारलं नाही, म्हणजे आपण त्यातले नाही. चौथीच्या वर्गात दोन जाती तयार केल्या आपण एका सकाळी.

जातीचा विषय निघालाच आहे तर तोही सरळ बोलू, कारण खाली कोणीतरी लिहिणारच, ‘तुमच्या आजीच्या काळात सगळं सोन्याचं होतं का?’ नव्हतं. वानोळा गल्लीत फिरायचा, पण सगळ्या गल्लीत फिरायचा नाही. गावाच्या एका बाजूला तो ताटात जायचा आणि दुसऱ्या बाजूला वरून टाकला जायचा, तोही शिळा. हे ज्यांनी भोगलं त्यांची नातवंडं आज माझ्या मित्रयादीत आहेत, त्यांच्यासमोर मी खोटं कशाला लिहू? 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना बजावलं होतं, शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणं सोडा. फुकट मिळतंय ते घ्या असं नाही सांगितलं. कारण त्यांना दिसत होतं की त्या तुकड्यासोबत काय येतं. पोट भरतं आणि मान वाकते, आणि वाकलेली मान हीच त्या तुकड्याची किंमत असते.

आता मला सांगा, ती वरून टाकलेली भाकर आणि हा स्टेजवरून दिलेला स्वेटर, यात नातं आहे की नाही? भाकर टाकणारा निदान फोटो काढत नव्हता. म्हणून मी जुनं ते सगळं आणा म्हणत नाही. आज्यांच्या देण्यातही दोन तऱ्हा होत्या, एक झाकलेल्या भांड्याची आणि एक वरून टाकण्याची. दुसरी तऱ्हा कायद्यानं आणि चळवळीनं मोडली. आपण ती फ्लेक्स लावून परत आणली, आणि झाकलेलं भांडं मात्र विसरलो.

वरची मंडळी तरी काय वेगळं करतायत? 2025 च्या सप्टेंबरात काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलंय. अतिवृष्टी, वरून जायकवाडीचं पाणी, गोदाकाठची सोयाबीन उभी सडली, माती खरवडून गेली. त्याच दिवसांत धाराशिवमध्ये पूरग्रस्तांना वाटलेल्या मदतीच्या पिशव्यांवर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि पालकमंत्री प्रताप सरनाईक यांचे फोटो निघाले, राज्यभर गदारोळ झाला. त्याच्या आधी 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्यात होती, तेव्हा इचलकरंजी भागात वाटलेल्या गहू-तांदळाच्या पाकिटांवर तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि आमदार सुरेश हाळवणकर यांचं स्टिकर होतं. तेव्हाही असाच गदारोळ. हे पक्ष सोडा, ज्यांनी टीका केली त्यांच्या पिशव्या तपासल्या तर त्यावर काय कोरं पान निघेल? आणि 2019 चे पाकीट तर सरकारी धान्याचे, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशाचे. आजीनं शेजाऱ्याच्याच घरातली मेथी उचलून शेजाऱ्यालाच वानोळा म्हणून पाठवावी, आणि वर जुडीला स्वतःचा फोटो बांधावा, असं झालं हे.

नाथांची गोष्ट आपण लेकरांना मोठ्या कौतुकानं सांगतो. पैठणच्या एकनाथ महाराजांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेलं कावडीतलं पाणी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. त्या गाढवाला आधी कोणी ‘गरजू व होतकरू’ म्हणून पुकारलं नाही. पैठणपासून आपल्यापर्यंत तीच गोदावरी येते, पण गोष्ट वाटेत कुठंतरी अडकते.

आता आक्षेप. जे कार्यक्रमाच्या दिवशी मला तोंडावर सांगितले गेले, तेच घेतो.

‘फोटो बघून दुसऱ्यांना प्रेरणा मिळते.’ मिळते ना, फोटो काढून घ्यायची. मागच्या चार वर्षांत आपल्या ग्रुपवर आलेले वाटपाचे फोटो बघा. देणारे तेच, वस्तू त्याच, बॅनरची साइज तेवढी वाढत गेली.

‘कंपन्यांना, संस्थांना पुरावा लागतो.’ हे खरं आहे. नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचा कायदा 2013 चा आहे आणि त्याचा अहवाल द्यावा लागतो. पण पुरावा म्हणजे लेकराचं तोंड कुठं लिहिलंय? मुख्याध्यापकाची सही-शिक्क्याची पोच द्या, वस्तूंच्या ढिगाचा फोटो द्या, दुकानाचं बिल द्या. सोसायटीतून खताचं पोतं घेताना आपण पोत्यासोबत फोटो काढून देत नाही, पावती देतो.

‘शेवटी त्या गरिबाला स्वेटर मिळाला की नाही?’ मिळाला. चांगला आहे, जाड आहे. दात्याच्या मनात वाईट होतं असंही मी म्हणत नाही. पदरचे पैसे घातलेत माणसानं. देऊ नका असं माझं म्हणणंच नाही. थंडी खरी आहे, आणि ज्या घरात आईबाप फडावर पाचटाच्या कोपीत झोपतायत त्या घरात स्वेटर लागतोच. पण ते पोरगं तो उलटा घालतंय. थंडीसाठी घालतंय आणि लाजेपोटी उलटा घालतंय. ही लाज स्वेटरसोबत आपण दिली, ती यादीत नव्हती.

‘माणुसकीची भिंत’ आठवते? दहाएक वर्षांपूर्वी राज्यभर निघाल्या होत्या, नको असेल ते ठेवा, हवं असेल ते घ्या. कल्पना चांगली, त्यात स्टेज नव्हता, म्हणून मला तेव्हा आवडली होती. पुढं अनेक ठिकाणी काय झालं? फाटके शर्ट, तुटक्या चेनच्या पँटी, एकाच पायातली चप्पल. घर साफ करायची जागा झाली ती. आजीचा नियम त्याच्या उलट होता, पहिली जुडी वानोळ्याची, उरलेली घरची. उरलंय म्हणून द्यायचं नाही.

आणि ज्यांच्याकडून हे शिकायचं ती माणसं आहेत कुठं? शिकलेली लेकरं पुण्याला, नातवंडं व्हिडिओ कॉलवर, ठीक आहे, पोटामागं जावं लागतं. पण शेजारच्या लातूर जिल्हा परिषदेला 2020 साली ठराव करावा लागला की जे कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाहीत त्यांच्या पगारातले तीस टक्के कापून थेट आई-वडिलांच्या खात्यावर टाकायचे. काहींचे कापलेही. नोकरदार माणसं, त्यात लेकरांना शिकवणारेही असतील. ज्या घरात आजीचा वाटा पगारातून कापून घ्यावा लागतो त्या घरातलं लेकरू शाळेत ‘दान’ या विषयावर निबंध लिहितं आणि त्याला दहापैकी नऊ मिळतात. उलट आपल्या तांड्यावर, वस्तीवर, ज्यांना आपण मागास म्हणतो, तिथं सहा महिने सगळं घर आजीच्या जिवावर चालतं आणि लेकरं तिच्या हाताकडं बघत मोठी होतात. दीड हजारातून ती दिंडीवाल्याच्या हातावर दहा रुपये ठेवते. लेकरू बघतं. टक्केवारी काढायची असेल तर काढा, आणि मग तुमच्या-माझ्या पगाराच्या तेवढ्याच टक्क्यांचा आकडा काढा.

तर मी काय करणार ते सांगतो. समितीच्या येत्या बैठकीत ठराव मांडतोय. शाळेत कोणीही काहीही द्यावं, आनंद आहे. वस्तू मुख्याध्यापकांकडं द्यायची, पोच घ्यायची. वाटप वर्गशिक्षक करतील, कार्यक्रम न करता, शक्य असेल तर वर्गातल्या सगळ्यांना सारखं. वस्तूवर कोणाचंही नाव, फोटो, चिन्ह नको. लेकराचा फोटो नको. आणि ‘गरजू व होतकरू’ हे शब्द शाळेच्या माइकवरून परत यायचे नाहीत. ज्यांना सत्कार हवाच आहे त्यांचा सत्कार आपण वेगळा करू, हार मी आणतो, पण लेकरं वर्गात असतील तेव्हा.

दुसरं, शनिवार ‘आनंददायी’ करायचा सरकारचाच कार्यक्रम आहे, त्यातला एक शनिवार वानोळ्याला मागतोय. प्रत्येक लेकरानं घरून काहीतरी आणायचं, मूठभर का होईना. शेंगा, बोरं, चिंचा, डहाळे, जे असेल ते. झाकून आणायचं, एका टोपल्यात टाकायचं, कोणी काय टाकलं ते विचारायचं नाही, आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून खायचं. आज्यांनाही बोलवायचं. भाषणाला नाही, वाटे करायला, कारण वाटे सारखे करायचं कसब आता त्यांच्याच हातात उरलंय.

समितीतल्या दोघांनी आत्ताच फोन करून सांगितलं की अशानं दाते तुटतील. तुटतील काही. बैठक शाळेतच आहे, शनिवारी शाळा सुटल्यावर. स्वेटरवाल्या दात्यांनाही मी स्वतः जाऊन निरोप दिलाय, येतो म्हणालेत. ज्यांना विरोध करायचाय त्यांनीही या, चहा आहे.